आमच्या घरापुढे निरंक

कुष्ठरोग शोधमोहिमेच्या तक्त्यात आमच्या स्वतःच्या घरापुढे मी "निरंक" लिहिलं, तेव्हा माझ्या डाव्या पायात मोजा होता. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली, आमच्या रावेरकडचा तो उकाडा, आणि मी घरात मोजा घालून बसलेली. कोणी विचारलं तर टाचेला भेगा पडल्यात असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. निरंक म्हणजे काही आढळलं नाही. हा शब्द मी सरकारी तक्त्यांत इतक्यांदा लिहिलाय की हात आपोआप वळतो.

मी आशा सेविका आहे. रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या गावात सोळा वर्षं दारोदार फिरते. गरोदर बायांच्या नोंदी, बाळांचे डोस, तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या, सगळं करते. मोहिमेत घरोघर जाऊन बायांचं अंग पाहायचं असतं. पाठ, मांड्या, दंड, तळपाय, कुठं फिकट, बधिर चट्टा आहे का ते बघायचं. बाया लाजतात. मग मी म्हणायची, "अंग दाखवायची लाज नसते बाई, आजार लपवायची लाज असते." दीडशे घरांत दीडशे वेळा म्हटलं असेल. म्हणताना छान वाटायचं.

आमच्या गल्लीत शेवंताअक्का म्हणून एक म्हातारी आहेत. त्यांचं लुगडं बाजूला करून मी पाठ पाहत होते, तर मान वळवून म्हणाल्या, "साऱ्या गावाचं आंग पाह्यते तू. तुझं कोन पाह्यते व?"

"मले काय होते, अक्का?" मी म्हटलं, आणि पुढच्या दारात गेले. तोवर माझ्या मोबाइलमध्ये माझ्याच टाचेचे सहा फोटो होते.

आता मी बरी आहे. डॉक्टर म्हणतात तशी, म्हणजे तपासण्या चालू ठेवून बरी. कोणी कीव करावी म्हणून हे लिहीत नाही. कीव यावी असं माझ्याकडून काही घडलंच नाही. जे घडलं त्याची लाज वाटते, आणि ही लाज एकटीनं धरून बसले तर ती कोणाच्या कामाची नाही, म्हणून लिहिते.

टिकली

डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला माझा तीळ लग्नाआधीपासूनचा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पाय धुताना पाहिला आणि म्हणाल्या, "तळपायाले तीळ हाये. हे पोरगी काही घरात टिकत नाही, हिच्या पायाले भिंगरी हाये." पुढं आशाचं काम मिळालं तर घरात सगळे म्हणाले, बघा, तिळानं खरं केलं. मलाही तो तीळ आवडायचा. आपल्या अंगावरची एक शुभ गोष्ट, असंच वाटायचं.

एका वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूनम, माझी एकुलती मुलगी, धुळ्याहून माहेरी आली होती. ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या दारात पाय घासताना तीळ मला वेगळा दिसला. एका बाजूनं फुटल्यासारखा, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा. आधी गोल होता, आता त्याला कड राहिली नव्हती.

पहिलं काम मी शहाण्यासारखं केलं, हे मान्य करा. फोटो काढला. आकार कळावा म्हणून पाकिटातली माझी रोजची टिकली काढून तिळाशेजारी चिकटवली. पायाला टिकली! आई असती तर थोबाडीत दिली असती. पण माप घ्यायला दुसरं काय होतं हाताशी? तीळ टिकलीपेक्षा लहान भरला. म्हटलं, चला, लक्ष ठेवू.

आणि मी लक्ष ठेवलं. महिन्याला एक फोटो. मागचं दार, सकाळचा उजेड, पाटावर बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा, टिकली लावायची, फोटो काढायचा. तिसऱ्या महिन्यात तीळ टिकलीएवढा झाला. चौथ्यात टिकलीच्या बाहेर गेला. रंगही एक राहिला नाही, कुठं तपकिरी, कुठं काळा, मधे निळसर. आता कोणत्याही शहाण्या बाईनं काय केलं असतं? जळगावची बस धरली असती. मी काय केलं, तर टिकली बदलली.

हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. पाचव्या महिन्यात मी बाजारातून मोठ्या टिकल्यांचं पाकीट आणलं. कपाळाला लावायला नाही, तसली मोठी टिकली मी कधी लावतच नाही. त्या मोठ्या टिकलीशेजारी तीळ पुन्हा लहान दिसायला लागला. मी फोटो पाहिला आणि मला खरोखर बरं वाटलं. स्वतःच्या हातानं स्वतःला गंडवलं आणि वर बरं वाटून घेतलं.

का गेले नाही, हे पूनमनं विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, आता तुम्हीही विचाराल. भीती होतीच. पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट गाव होती. आशाताईच्याच पायाला काळा चट्टा, हे एकदा फुटलं की मला दारात कोण उभं करणार? कोण बाळ माझ्या हाती देणार? गावाला कुष्ठरोग काय आणि दुसरं काय, चट्टा म्हणजे चट्टा. आणि तिसरी गोष्ट सांगते, ती कोणी सांगत नाही. फोटो काढला की काहीतरी केल्यासारखं वाटायचं. महिनाभराची सुट्टी मिळायची. मी तीळ सांभाळत होते, अगदी नोंदी ठेवून, आणि तो खुशाल वाढत होता.

चीक

पूनमचे बाबा केळी कापणाऱ्या टोळीत आहेत. गावात त्यांना सुधाकरभाऊ म्हणतात. ज्यांनी केळी पाहिली ती फक्त बाजारातल्या टोपलीत, त्यांना सांगायला हवं की केळीच्या घडाला कापलं की चीक गळतो. पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की काळा डाग. कपड्यावरचा जन्मात जात नाही. अंगावरचा पंधरा दिवस, तीन आठवडे राहतो. यांचे हात, मान, पाय सदा डागाळलेले. आमच्या गावात कोणाच्या अंगावर काळं दिसलं तर कोणी दचकत नाही.

यांची एक सवय आहे, ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. हिवाळ्यात दर रविवारी दुपारी हे माझ्या टाचांच्या भेगांत मेण आणि खोबरेल गरम करून भरतात. बायकोचे पाय नवरा धरतो हे गावाला कळलं तर यांना टोळीत बसू देणार नाहीत. पण दिवसभर चालून माझ्या टाचा फाटतात, आणि यांना ते बघवत नाही.

त्या हिवाळ्यात मी दोन-तीन रविवार टाळले. काम आहे, बैठक आहे. संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी मात्र यांनी पाय धरलाच.

"हे काय व काळं?"

 माझ्या मोबाइलमध्ये आठ फोटो.

यांनी नखानं खरवडून पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, "चीक हाये केळीचा. परवा तू बागात डबा घेऊन आलती, तवा पाय पडला असन."

"असेल," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द बोलले मी. यांनी लिंबाची फोड आणली आणि चोळ चोळ चोळलं. झोंबलं. मी दात आवळून बसले. "जाईन दोन-चार दिवसांत," हे म्हणाले. मला तर हायसं वाटलं. आता विचारणारा एकजण कमी झाला. पुढच्या महिन्यांत मी आणखी तीन फोटो काढले. एकूण अकरा.

जळगाव

पुढच्या आखाजीला पूनम आली. अंगणात झोका बांधला होता, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. मी पाणी घेऊन बाहेर आले आणि गेले. मागून पूनमची हाक आली, "आई, फरशीवर रक्ताचे पाय कोणाचे?"

माझेच होते. मोजा भिजला होता आणि मला कळलंही नव्हतं. तिनं मला खुर्चीत बसवलं, मोजा ओढून काढला, पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग रागानं लाल झाली. "आई, तू लोकांना शिकवत फिरतेस ना? लोकांना?" मी म्हटलं, अगं, आत्ता आत्ता झालंय. हे पहिलं खोटं.

दुसऱ्याच दिवशी तिघं जळगावला. त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या, पूनमच्याच वयाच्या असतील. एक भिंगाचं यंत्र टाचेवर टेकवून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मी त्यांचा चेहरा पाहत होते. सोळा वर्षांत डॉक्टरांचे चेहरे वाचायला शिकलेय मी. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कधीपासून बदल दिसतोय, ताई?"

पर्समध्ये मोबाइल होता. मोबाइलमध्ये वर्षाचा हिशेब होता. एक बोट फिरवलं असतं तर त्यांना सगळं दिसलं असतं.

"झाले असतील दोनेक महिने," मी म्हटलं.

आणि मग पूनमचे बाबा खुर्चीत पुढं सरकले. "डॉक्टर, मले दिसलं होतं संक्रांतीले. मी म्हटलं चीक हाये. ते माह्यावर भरोसा ठेवून राह्यली. माही चूक हाये."

डॉक्टर म्हणाल्या, "असं स्वतःला लावून घेऊ नका, भाऊ." मी काय म्हणाले? काही नाही. खाली फरशीकडं पाहिलं. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. माझे नव्हे, त्यांचे.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी गावात दोन लसीकरणं केली, एका बाईला बाळंतपणाला नेलं. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी मोबाइल बंद करून बाजूला ठेवला, आणि मला तिथंच कळलं. मेलानोमा. तिळाच्या पेशींचा कॅन्सर. त्या म्हणाल्या, आपल्याकडच्या माणसांत हा फार नसतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथं कोणी बघत नाही. मग त्या क्षणभर थांबल्या. "वर्षभर आधी आला असतात तर बारीक तुकडा काढून भागलं असतं." त्या मला टोचून बोलत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. पण वर्ष हा शब्द त्यांनीच काढला होता, आणि मी मान हलवली.

बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून रडले. मी यांना लग्नानंतर दोनदाच रडताना पाहिलंय.

धुळे

ऑपरेशन धुळ्याला झालं. पूनमचं सासर तिथं, म्हणून. टाचेचा मोठा भाग काढला, मांडीची कातडी काढून तिथं लावली, जांघेतल्या गाठीही तपासायला काढल्या. त्या गाठींत काही सापडलं तर आजार पुढं सरकला. नाही सापडलं तर वाचले. त्या रिपोर्टला दोन आठवडे.

पाय उशीवर उंच ठेवायचा, जमिनीला टेकवायचा नाही. आख्खं आयुष्य चालण्यात गेलं आणि आता बाथरूमला जायचं तर दोघांनी धरायचं. वॉर्डातला दिवस ठरलेला. पहाटे नर्सबाई ताप बघायच्या, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. तिच्या चाकाचा करकर आवाज आला की सगळ्या खाटा चिडीचूप. शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या, त्यांचं हाताचं ऑपरेशन. ड्रेसिंगच्या वेळी त्या मला त्यांच्या न दुखणाऱ्या हाताचं बोट धरायला द्यायच्या. मी ते बोट पिळून काढलं असेल.

डबा विहीणबाई आणायच्या. माझ्या आईनं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही, आणि इथं माझी विहीण माझं भांडं उचलत होती. मी तोंडावर पदर घेऊन पडायची. विहीणबाई अहिराणी बोलतात, मोकळ्या आवाजात, आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "आजारी माणूसले कसानी लाज वं ताई? उठ, जेवी ले." त्यांच्या हातचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. त्या दिवसांत तोंडाला चव नव्हती, तरी ते भरीत मी खाल्लं. देवानं काही काही माणसं खरंच मोठी केली आहेत.

पूनमचे बाबा मात्र वाळत चालले होते. वॉर्डाबाहेरच्या नळावर बसून वज्रीनं हात घासायचे. वज्री ही पाय घासायची, ती तळहातावर. लाल होईस्तोवर. चिकाचे डाग निघाले तरी घासायचे. शेजारच्या मावशींना सांगत, झाडूवाल्या बाईंना सांगत, "माह्यामुळं झालं. मी चीक म्हटलं. याच हातांनी लिंबू चोळलं." केळीच्या बागेत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाले. पंचवीस वर्षांचं काम सोडायला निघाले माझ्या एका शब्दापायी.

आणि मी ऐकत होते. पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. मनात म्हणायची, रिपोर्ट येऊ दे, मग सांगू. उद्या सांगू. पूनम नसताना सांगू. फोटो काढत काढत जसं वर्ष काढलं तसंच हेही काढत होते. जित्याची खोड कुठं जाते?

एका दुपारी मला रडू आवरेना. विहीणबाई शेजारी बसल्या. त्यांना काय दिसलं कोण जाणे. नळाकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच आवाज उतरवून म्हणाल्या, "काय दपाडी राहिनी तू? सांगी टाक बठ्ठं. दपाडेल घाव सडस."

सगळं सांगून टाक, लपवलेली जखम सडते. अर्थ माझ्याच वाक्याचा होता, दीडशे घरांत सांगितलेल्या. फक्त ते मला कोणी म्हणून दाखवलं नव्हतं.

अकरा फोटो

त्या बाहेर गेल्या आणि मी यांना बोलावलं. मोबाइल हातात दिला. म्हटलं, बघा.

यांना मोबाइल फार येत नाही. एकेक फोटो बोटानं सरकवत, डोळ्यांजवळ धरून पाहू लागले. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं.

"हे कवाचं?"

"गेल्याच्या गेल्या आखाजीचं. पूनम गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं."

"आन मी चीक म्हटलं ते?"

"आठव्या फोटोनंतर."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ हलवत मोजत होते. पाचव्यावर थांबले. "हे टिकली येगळी हाये."

"हो."

"काहून?"

वाटलं, धरणी दुभंगावी. "तीळ लहान दिसावा म्हणून," मी म्हटलं. "मला सगळं माहीत होतं. तुमची काही चूक नाही. मीच तुमच्यावर ढकललं. त्या डॉक्टरांपुढं तुम्ही बोललात तेव्हा गप्प बसले, आणि रोज तुम्हाला हात घासताना बघूनही गप्प बसले."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल खाटेवर उपडा ठेवला, आपल्या तळहातांकडं पाहिलं, आणि चहा आणायला गेले. रोज दोन कप आणायचे. त्या दिवशी एकच आणला, माझ्यापुढं ठेवला, आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

त्यानंतर पाचव्या दिवशी गाठींचा रिपोर्ट आला. गाठींत काही नव्हतं. पूनम माझ्या गळ्यात पडली, विहीणबाईंनी आख्ख्या वॉर्डात गूळ वाटला. यांनी डॉक्टरांना हात जोडले. माझ्याकडं पाहिलं नाही.

मला विचारतात तेव्हा

गावात मी सगळं सांगितलं. आधी शेवंताअक्कांना. त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. "साऱ्या गावाले शिकोते, आन घरची अशी!" मी म्हटलं, बरोबर आहे अक्का. दारं बंद होतील ही माझी भीती होती. एकही दार बंद झालं नाही. उलट आता बाया स्वतःहून पाय वर करून दाखवतात.

त्यांना मी एवढंच सांगते. प्रत्येक तीळ वाईट नसतो. बहुतेक सगळे साधेच असतात, उगाच धास्ती घेऊ नका. पण मोठेपणी नवा आलेला किंवा जुना असून रूप पालटणारा तीळ, त्याच्याकडं नुसतं बघत बसू नका. कड वेडीवाकडी झाली, एका तिळात दोन-तीन रंग दिसले, वाढला, खाजला, रक्त आलं, फोड आला आणि बरा होईना, नखाखाली काळी रेघ आली आणि ती रुंद होत गेली, तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं. तळपाय बघा, बोटांच्या बेचक्या बघा. आणि आमच्या गावच्या माणसांसाठी खास: चीक कातडीबरोबर झिजतो. तीन आठवड्यांत फिका पडला तर चीक. नाही पडला तर तो चीक नाही, आणि वाढला तर नक्कीच नाही. लिंबू लावायचं ते पोह्यावर, पायाला नाही.

फोटो काढा, जरूर काढा. शेजारी टिकली ठेवा, पण दर वेळी तीच. आणि पहिला फोटो काढला त्याच दिवशी तो घरातल्या एका माणसाला दाखवा. मी दाखवला असता तर हे सगळं लिहावं लागलं नसतं. दुसरा फोटो पहिल्यासारखा नसेल तर तिसरा काढू नका. बस धरा.

रविवार

घरी आल्यावर पूनमच्या बाबांनी सगळं केलं. गाडीवर बसवून तपासणीला नेलं, गोळ्या आणल्या, पाणी भरलं. कामालाही जाऊ लागले. बोलणं कामापुरतं. माझ्या पायाला मात्र हात लावला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्यातून एकदा सगळं अंग दुसऱ्या कोणाकडून बघून घ्यायचं. ते मी पूनमला मोबाइलवर दाखवायची, अर्धं तिला दिसायचं, अर्धं नाही. हिवाळा आला, धड राहिलेली उजवी टाच फाटली. मी मेणाचं नाव काढलं नाही. कोणत्या तोंडानं काढणार?

यंदा पुन्हा मोहीम लागली. मी आता काठी घेऊन चालते, जरा हळू, पण सगळी घरं केली. तक्ता पुरा भरला. फक्त आमच्या घरापुढची जागा रिकामी ठेवली होती. रविवारी दुपारी ओट्यावर तक्ता मांडीवर घेऊन बसले होते. पेन हातात, आणि लिहवेना.

हे बागेतून आले. आत गेले, हात धुऊन आले. चष्मा लावला. माझ्यासमोर पायरीवर बसले आणि म्हणाले, "पाय दे."

मी दोन्ही पाय पुढं केले. त्यांनी आधी डावा घेतला. जिथं मांडीची कातडी लावलीय ती जागा अंगठ्यानं हलकेच चाचपली. कड पाहिली. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडल्या. नखं उजेडाकडं धरली. मग उजवा पाय. मग तळहात. मग मान वळवायला लावून मागचे केस बाजूला केले. समोरून शेवंताअक्का आमच्याकडं पाहत, काठी टेकत गेल्या. यांनीही पाय सोडला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तक्त्यावर पडू नये म्हणून मी तो बाजूला धरला होता.

"लिही," हे म्हणाले.

"काय लिहू?"

"निरंक. या टायमाले पाहून लिही."

मी पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. "थांबा. या घरात माणसं दोन आहेत. तुमचे पाय द्या."

"माहे?" त्यांनी पाय मागं घेतले. "त्याले तं सारा चीकच चीक हाये."

"मग धुऊन या," मी म्हटलं. "तुमचे पाय पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही."